मेलेल्या माणसाचे बूट

खोटं तुम्ही बोललात. चिहारू नुमाता बोलली नाही. दारात पुरुषाचे बूट ठेव असं तिला तुम्हीच सांगितलंत, आणि हे कुणाचे बूट म्हणून दरडावायलाही तुम्हीच आलात. नगरपालिकेच्या एकाच इमारतीत बसता, एकाच जिन्यानं चढता-उतरता, एकाच किटलीतला चहा पिता. खालच्या मजल्यावर काय छापलंय ते वरच्या मजल्याला ठाऊक नसेल, तर बाईला कागद कसले धाडता? आधी आपापसात बोला की.

आता पहिल्यापासून ऐका. ऐकायची सवय नसली तरी ऐका.

चिहारू चौतिशीची. आपल्या बंदरामागच्या माशांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहून बांगड्याचे काटे काढते. नवरा कात्सुया ट्रक चालवायचा. त्याच्या सेन्दाईच्या फेऱ्या वाढत गेल्या, मुक्काम वाढत गेले, आणि एका वसंतात ट्रक परत आला तेव्हा तो दुसराच कुणी चालवत होता. पुढं काडीमोडाच्या हिरव्या रेघांच्या कागदावर दोघांनी सहीचे शिक्के उठवले आणि लग्न संपलं. आपल्याकडं सायकल चोरीला गेली तर याहून जास्त कागद लागतात. मुलगी सुझु आईकडं राहिली. पोराचा खर्च धाडीन असं कात्सुया तोंडी बोलला होता. ते बोलणं तोंडातच राहिलं. सेन्दाईत त्यानं नवं घर थाटलं, दोघं कमावती, दारात गाडी. इकडं चिहारूनं नगरपालिकेच्या वसाहतीत तळमजल्याची खोली मागून घेतली. काडीमोड झाला की पुरुषाच्या खांद्यावरचं ओझं उतरतं, आणि ते नेमकं बाईच्या ताटात पडतं. हे सांगायला कुणी पंडित लागत नाही. आमच्या वसाहतीत जिन्यागणिक अशी दोन ताटं आहेत.

एकट्या आईला मुलामागं तुम्ही भत्ता देता. देता, नाही म्हणत नाही. पट्ट्यावरच्या पगारात भाडं आणि तांदूळ निघायचा. स्टोव्हचं रॉकेल, सुझुचे बर्फातले बूट, शाळेचं जेवण हे सगळं त्या भत्त्यावर. भत्ता जमा व्हायच्या आठवड्यात तिच्या डब्यात अंड्याची गुंडाळी असायची. शिवाय त्या भत्त्याच्या शेपटाला बांधलेली, सुझुच्या दम्याला लागणारी दवाखान्याची सवलत होती, भाड्यातली सूट होती. एक दोरा ओढला की अख्खं स्वेटर उसवतं, तसं ते काम.

सुझु आठ वर्षांची. गळ्यात किल्ली घालून शाळेत जाते. तीनला घरी येते, आई येते सहाला. हिवाळ्यात आपल्याकडं चारलाच अंधार पडतो, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या कचेरीतही दिवे लागतात.

नोव्हेंबरातली गोष्ट. मुळ्याचं सार ढवळता ढवळता सुझु म्हणाली, “आई, आज मूठ फिरली.”

“कसली मूठ?”

“दाराची. बाहेरून. एकदा इकडं, एकदा तिकडं. मग थांबली.”

वारा असेल, असं म्हणावं असं चिहारूच्या मनात आलं. पण वारा मूठ फिरवत नाही. पुढच्याच आठवड्यात गॅलरीतल्या काठीवरून तिचे आतले कपडे गेले. नेमके तेवढेच. टॉवेल जागच्या जागी.

ती तुमच्याकडं आली. तळमजल्यावर नागरिकांच्या सुरक्षेचं टेबल आहे, तिथं. टेबलामागच्या माणसानं सगळं ऐकून घेतलं, कमरेत वाकून खेद व्यक्त केला, आणि एक पत्रक दोन्ही हातांनी पुढं केलं. पत्रकावर एक हसरी बाई काढलेली. तिच्या दारात पुरुषाचे मोठे बूट. गॅलरीत पुरुषाची चड्डी. खाली लिहिलेलं, की एकट्या राहणाऱ्या स्त्रियांनी घरात पुरुष आहे असं भासवावं. वर नगरपालिकेचा शिक्का.

आता पुरुषाचे बूट आणायचे कुठून? बांगड्याचे काटे काढणारी बाई नव्या बुटांना पैसे घालणार नाही, आणि जुन्या बाजारातले बूट आणावेत तर त्यात कुणाचा पाय होता कोण जाणे. प्रश्न सोडवला समोरच्या दारातल्या ओनोदेराआजीनं. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, जीभ सुरीसारखी. तिचा म्हातारा माकूळ पकडणाऱ्या बोटीवर इंजिनघरात होता; तीन हिवाळ्यांपूर्वी गेला. त्याचे काळे बूट तिनं वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले होते. ते तिनं आणून चिहारूच्या दारात, चपला काढायच्या फरशीवर, ठेवले. बरोबर त्याच्या दोन लोकरी लांब विजारी.

“घे. चाळीस वर्षं त्याच्या पायांच्या वासानं मला घरात नीट झोप लागली नाही,” आजी म्हणाली. “चोराला तरी का लागावी?”

चिहारूला खूप दिवसांनी हसू आलं.

पण आजी तेवढ्यावर थांबणारी नव्हती. तिचं म्हणणं असं, की सोंग करायचं तर नीट करावं. बाहेर गुडघाभर बर्फ आणि दारातले बूट कोरडे ठणठणीत, तर चोर काय दूधखुळा आहे? बूट ओले हवेत. त्यांना तेल हवं, नाहीतर बुरशी धरते, आणि बुरशीचे बूट म्हणजे मेल्याचे बूट हे कुणीही ओळखील. आणि टोकं दाराकडं हवीत.

ते शेवटचं चिहारूला सांगावं लागलं नाही. पुरुषानं काढलेले बूट उचलून टोकं दाराकडं करून ठेवायचे हे आपल्या पोरींना भाषेच्या आधी शिकवलं जातं. तिच्या आईनं तिला शिकवलं, आईला आजीनं. कात्सुयाचे बूट ती सात वर्षं असे फिरवत होती, आणि त्याच बुटांनी तो निघून गेला. आता ती मेलेल्या माणसाचे बूट रोज सकाळी पुसायची, आठवड्याला तेल लावायची, टोकं दाराकडं करायची आणि कामावर जायची.

बर्फाचं काम सुझुकडं होतं. शाळेतून येताना ती पायरीवरचा मूठभर बर्फ उचलायची आणि बुटांच्या टोकांवर ठेवायची. बुटांना तिनं नावही ठेवलं होतं, बूटकाका. दार उघडलं की मोठ्यानं म्हणायची, “बूटकाका, मी आले!” आणि मग हनुवटी गळ्यात रुतवून, काढता येईल तितका जाड आवाज काढून स्वतःच उत्तर द्यायची, “आलीस का.” भिंती पातळ. बाहेर मूठ फिरवणारा उभा असेल तर त्याला ऐकू जावं म्हणून. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. तिचं तिनंच काढलं होतं.

मूठ फिरायची थांबली. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. म्हणजे सोंग वठलं.

इथं किझाकीचं सांगायला हवं, कारण तुमच्या कागदावर पुढं त्याचंच नाव आलं.

किझाकी चाळिशीपलीकडचा. कारखान्याच्या शीतगृहात फोर्कलिफ्ट चालवतो, दरवर्षी नव्या करारावर. घरी आई, तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिचं करून, सवरून हा कामावर येतो. पोट फुटलेला, कातडी फाटलेला मासा कामगारांनी घरी न्यावा अशी कारखान्याची रीत आहे. किझाकी आपला वाटा चिहारूला द्यायचा. त्याची आई मऊ भाताशिवाय काही खाऊ शकत नाही, आणि एकट्याला किती बांगडे लागतात, असं तो म्हणायचा. एकट्यानं तो माणूस सहज चार बांगडे संपवील, हे अख्ख्या शेडाला माहीत होतं.

दोघांचं मन होतं. लपवत नाही, लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण तो तिच्या घराची पायरी कधी चढला नाही. टोफूवाल्याच्या दुकानामागं गाडी उभी करायचा, काच खाली घ्यायचा, पिशवी द्यायचा. बर्फ पडत असला तर ती खिडकीपाशी उभी राहून दोन वाक्यं बोलायची आणि निघायची. तिनं त्याला साधं चहाला बोलावलं नाही. कारण तुमचे नियम तिला पाठ होते. घरात पुरुष राहिला, की कागदावर लग्न असो नसो, तुम्ही ते लग्नच धरता आणि भत्ता बंद करता.

मग लग्नच का केलं नाही? तेही दोघांनी बोलून पाहिलं होतं. लग्न झालं की भत्ता गेला, त्याच्या शेपटाचं सगळं गेलं. वसाहतीचं भाडं घरातल्या सगळ्यांच्या कमाईवर ठरतं, म्हणजे ते वाढलं. त्याच्या आईची सेवा करणारी बाई सध्या स्वस्तात येते, कारण तो एकटा आणि गरीब. घरात कमावती सून आली की तो गरीब उरत नाही. दोन गरीब माणसं एका छताखाली आली की तुमच्या गणितात एक खातंपितं घर होतं. त्या घरात रॉकेल कुठून येणार ते गणितात येत नाही. ज्यांची दोन्ही टोकं भक्कम त्यांनी लग्न करावं आणि आणखी भक्कम व्हावं. आमच्यासारख्यांनी केलं तर दोघं मिळून बुडावं.

“सुझु अठराची झाली की भत्ता तसाही संपतो,” किझाकी म्हणाला होता. “तेव्हा करू. मासा शीतगृहात टिकतो, माणूस का टिकणार नाही?”

ती म्हणाली, “मासा मेलेला असतो, किझाकी-सान.”

दोघंही हसले होते. त्यानं काच वर केली होती.

तर इतकं जपून. आणि फेब्रुवारीत तुम्हाला कुणाचा तरी फोन गेला. कुणाचा, ते तुम्ही सांगत नाही. फोन करणाऱ्याचं नाव गुप्त आणि फोन जिच्यावर केला तिचं सगळं घर उघडं. तळमजल्याच्या त्या खोलीत पुरुष राहतो, मुलगी रोज त्याच्याशी बोलते, आम्ही आवाज ऐकलाय. ऐकला असेल. ते खोटं बोलत नव्हते.

त्या दिवशी वादळामुळं बोटी निघाल्या नव्हत्या, म्हणून कारखाना बंद होता आणि शाळाही लवकर सुटली होती. वरच्या मजल्यावरून, भत्त्याच्या विभागातून दोघं आले. एक मोनमा नावाचा तरुण, चष्मा, ओली छत्री नीट बाहेर ठेवणारा. दुसऱ्या एक वयस्क बाई, मऊ बोलणाऱ्या. चिहारूनं दार उघडलं. दोघंही वाकले. आणि वाकलेल्या मानेनंच दोघांनी बूट पाहिले.

“हे कुणाचे?” मोनमानं विचारलं.

“कुणाचे नाहीत.”

“म्हणजे?”

“समोरच्या आजींच्या यजमानांचे. ते वारले.”

“वारलेल्या माणसाचे बूट ओले कसे, नुमाता-सान?”

तिनं सगळं सांगितलं. मूठ, कपडे, पत्रक. पत्रक दाखवावं म्हणून शोधलं, तर ते रॉकेलच्या डब्याखाली घातलेलं, भिजून लगदा झालेलं. मोनमा ऐकत होता, मान हलवत होता. मग खाली बसला आणि बोटाच्या टोकानं बुटाचं चामडं दाबून पाहिलं. मऊ होतं. तेल लावलेलं होतं. टोकं दाराकडं होती. कुणीतरी प्रेमानं हे बूट सांभाळतंय असं तो म्हणाला, आणि खरं म्हणजे ते खरंच होतं.

वयस्क बाई सुझुपाशी गुडघ्यांवर बसल्या. “बाळ, तू या बुटांना काय म्हणतेस?”

“बूटकाका.”

“वा. आणि बूटकाका घरी कधी येतात?”

सुझुनं आईकडं पाहिलं. खरं बोलावं की सोंग चालू ठेवावं ते तिला कळेना. ही चोराची माणसं की तुमची, तेही तिला कळेना. शेवटी म्हणाली, “ते घरीच असतात. कुठं जातच नाहीत.”

बाईंनी मोनमाकडं पाहिलं. मोनमानं लिहून घेतलं.

न्हाणीघरात दात घासायचे ब्रश दोनच निघाले, कपाटात अंथरुणं दोनच निघाली. मेलेल्या माणसाला दात नसतात, साहेब. पण दोन ब्रशांनी बुटांचा ओलेपणा पुसला जात नाही. गॅलरीच्या काठीवर लोकरी विजार वाऱ्यात पाय झाडत होती.

एवढ्यात समोरचं दार उघडलं. ओनोदेराआजीनं सगळं ऐकलं होतं आणि ती साक्ष द्यायला आली होती, कुणी बोलावलं नसताना, एप्रनमध्येच. बूट आमच्या म्हाताऱ्याचे, ती म्हणाली, डाव्या टाचेला मी स्वतः खिळा मारलाय, उलटा करून पाहा. मोनमानं उलटा केला; खिळा होता. चिहारूला वाटलं, संपलं, सुटलो.

“म्हणजे या घरी कुठलाच पुरुष येत नाही?” बाईंनी गोड आवाजात विचारलं.

आणि आजीला चिहारूचं कौतुक सांगायची लहर आली. चांगुलपणानं, मन भरून. “येत नाही हो. एक आहे तो बिचारा कारखान्यातला किझाकी. इतका सज्जन! दर आठवड्याला हिला मासे देतो. पण तोही टोफूवाल्यामागंच थांबतो, दाराशी पाऊल टाकत नाही. मी तर हिला म्हणते, अगं करून टाक लग्न, असा माणूस मिळायचा नाही.”

मोनमानं पेन काढलं. “किझाकी. कुठला किझाकी?”

आजीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

पुढचं तुम्हीच लिहिलंत, म्हणून तुम्हाला पाठ असेल. पुरुषाचे बूट, पुरुषाचे कपडे, मुलीची जबानी, शेजारणीची जबानी, आणि दर आठवड्याला मासळीची मदत. मदत म्हणजे निर्वाहाला हातभार. हातभार म्हणजे संसार. पोट फुटलेल्या बांगड्यांचं तुम्ही लग्न लावलंत. चौकशी होईपर्यंत भत्ता थांबला. वरून कागद आला, की दोघांनी येऊन खुलासा करावा.

किझाकी रजा टाकून आला, आईपाशी शेजारणीला बसवून. मोनमानं त्याला विचारलं, त्यानं खरं ते सांगितलं. मासे दिले? दिले. का दिले? तो म्हणाला, “खायला.”

मोनमा वाईट माणूस नव्हता. तीच अडचण होती. वाईट असता तर त्याच्यावर ओरडता आलं असतं. त्यानं दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात वाट सुचवली. तुम्ही नाकबूल करत राहिलात, तर चौकशी चालत राहील, उन्हाळा उजाडेल, तोवर भत्ता नाही. पण संबंध होता आणि तो अमुक दिवशी संपला असं लिहून दिलंत, तर पुढच्या महिन्यापासून पुन्हा सुरू करता येईल. मागचं थोडं परत करावं लागेल, पगारातून हप्त्यानं. आणि यापुढं या गृहस्थांकडून काही घ्यायचं नाही, भेटायचं नाही. बूट तर काढावेच लागतील.

विचार करून येतो असं सांगून दोघं बाहेर आले. दोन मजल्यांच्या मधे जिना वळतो, तिथं जरा मोकळी फरशी आहे. खिडकीतून बंदर दिसतं. तिथं ते उभे राहिले. पहिल्यांदाच दोघांमधे गाडीची काच नव्हती.

“खरंच लग्न करू,” किझाकी म्हणाला. “नाहीतरी त्यांनी लावलंच आहे.”

चिहारूला हो म्हणायचं होतं. ते तिच्या चेहऱ्यावर इतकं स्पष्ट होतं की जिना चढणारी एक बाई नजर चुकवून गेली. पण हो म्हणायच्या आधी तिच्या डोक्यात रॉकेलचा डबा आला, सुझुचा दमा आला, त्याच्या आईची सेवा करणारी बाई आली, कमाईबरोबर वाढणारं ते भाडं आलं. किझाकीचा करार मार्चात संपत होता, तो आला. तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली, “तुमच्या आईला कुठं झोपवायचं?”

तोही हिशेबी माणूस होता, उत्तर त्याला माहीत होतं. तो म्हणाला, “हं.”

ती एकटीच परत वर गेली. मोनमानं कागद पुढं केला. तिनं विचारलं, संबंध संपल्याची तारीख कुठली घालू? ते तुम्हालाच ठाऊक असणार, नुमाता-सान, तो म्हणाला. झालाच नाही तो संसार कुठल्या दिवशी मोडला ते तिला ठाऊक असणार! तिनं त्या दिवसाचीच तारीख घातली. शिक्का जरा वाकडा पडला. मोनमानं तिला दुसरा कोरा कागद दिला, पुन्हा उठवायला. एका आयुष्यात दोन काडीमोड. पहिल्या वेळी निदान आधी लग्न तरी झालं होतं.

त्या आठवड्यात किझाकीनं आपल्या वाट्याचे बांगडे धक्क्यावर नेले आणि समुद्रपक्ष्यांना टाकले. पुढच्या आठवड्यात त्यानं दुसऱ्या शेडात बदली मागून घेतली. आता पट्ट्यापाशी फोर्कलिफ्टचा आवाज येतो तेव्हा चिहारू मान वर करत नाही. गाडीवर दुसरा कुणी असतो.

बूट ओनोदेराआजीनं परत नेले. ते वर्तमानपत्रात गुंडाळताना आजी म्हणाली, “माझी जीभ काप गं, आणि त्या फुटक्या माशांच्या पेटीत टाक.” चिहारू म्हणाली, तुम्ही खरं तेच बोललात आजी. त्यानं आजी आणखीच रडली.

सुझुला आईनं बजावलं, की आता दार उघडल्यावर काही बोलायचं नाही. जाड आवाज तर मुळीच काढायचा नाही. का, असं पोरीनं विचारलं. लोक ऐकतात म्हणून. पण लोकांनी ऐकावं म्हणूनच तर काढायचा ना? चिहारू तांदूळ धुवायला उठली. याचं उत्तर तुमच्याकडं असेल.

मार्चात बर्फ वितळायला लागला. एका संध्याकाळी चिहारू कामावरून आली तर खोलीत दिवा नाही. हाक मारली, उत्तर नाही. चपला काढायच्या फरशीवर सुझुचे छोटे बूट होते, एक इकडं, एक तिकडं, पळत काढलेले. दप्तर दाराशीच पडलेलं. चिहारूनं न्हाणीघर पाहिलं, गॅलरी पाहिली, मग अंथरुणांचं कपाट उघडलं. सुझु वरच्या फळीवर, दोन गाद्यांच्या मधे होती. कोटसुद्धा काढलेला नव्हता. दोन्ही हात तोंडावर.

“मूठ फिरली,” ती हातांआडून म्हणाली. “खूप वेळ फिरत होती. मी आवाज नाही काढला, आई. तू नको म्हणाली होतीस ना.”

दुसऱ्या दिवशी चिहारूनं अर्धा दिवस बुडवला आणि तुमच्या इमारतीत आली. खालच्या मजल्यावर, त्याच टेबलापाशी. माणूस नवा होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, कमरेत वाकून खेद व्यक्त केला, आणि दोन्ही हातांनी पत्रक पुढं केलं. तीच हसरी बाई, तेच बूट. या वेळी रंगीत छापलेलं.

ती म्हणाली, “हे मी केलं होतं. वरच्यांनी काढायला लावलं.”

“वरचा विभाग वेगळा आहे,” तो नम्रपणे म्हणाला.

ती जिन्यानं वर जायला निघाली. वळणावर, जिथून बंदर दिसतं, तिथं तिचे पाय थांबले. वर जाऊन विचारावं, की पुन्हा बूट ठेवू का? ठेवले तर तिनं लिहून दिलेलं मोडतं, भत्ता जातो. न ठेवावेत तर पोरगी कपाटात बसते. वर गेली नाही, खाली गेली नाही, पत्रक हातात घेऊन तिथंच उभी राहिली. जाणारेयेणारे तिला वळसा घालून गेले. तुमच्यातलेही गेले असतील. आठवतंय का पाहा, खिडकीपाशी एक बाई, माशांचा वास येणारी.

नियम वेगळे, विभाग वेगळे, हे मला सांगू नका. मला एवढंच सांगा, दोन्ही मजल्यांनी मिळून, एकाच कागदावर, शिक्क्यासकट. आज तीन वाजता ती पोरगी गळ्यातली किल्ली काढून दार उघडील, तेव्हा आत बूट असावेत की नसावेत?